गया, दगडू आणि जुना ब्राउझर

त्या सांजेला आम्ही दोघांनी एकाच कपात टोस बुडवून खाल्ले. कंप्युटरवर रोजची पाटी आली: ब्राउझर जुना झालाय, नवा आत्ता घ्यायचा की उद्या? गयानं रोजच्यासारखं 'उद्या' दाबलं आणि माझ्याकडं बघून हसली. मी चिडावं म्हणूनच करायची.

गया, माझी बायको, चौथी शिकलेली, मी त्याहून कमी. पण ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे रेशनचे, आधारचे कागद तीच भरून द्यायची. आमची सुनीता पुण्याहून फोनवर ओरडायची, आई, जुना ब्राउझर वापरू नको. गया म्हणे, "तुजा बाप बी जुना झालाय. त्याला कुटं बदलला मी?"

शेवटी सुनीतानं नीट समजावलं. कंप्युटर प्रत्येक पानाला मेमरीत जागा आखून देतो. जुन्या ब्राउझरला ती हद्द राखता येत नाही. चोरानं रचलेलं पान नुसतं उघडलं, तरी ते हद्द ओलांडून शेजारच्या जागेत आपलं लिहितं, आणि कंप्युटर त्याचं ऐकायला लागतो. मग बायांचे सगळे कागद चोराच्या हातात. गया म्हणाली, "म्हंजी दगडू बांध कोरतोय."

दगडू आमचा शेतशेजारी. दरसाल नांगरताना एक तास, म्हंजी नांगराची एक रेघ, आमच्या बांधात घालतो. तो पीकविमा भरायला आला, तर गयानं उंबऱ्याबाहेरच बसवला. "भावजी, लांबूनच सांगा. आत कंप्युटरात तुमचा भाऊबंद बसलाय." तो वाकून आत बघत राहिला.

तिची नजर कमी झालेली. बटणं हाताच्या सवयीनं दाबायची. नवा घे म्हटलं की म्हणे, "नवी सून आली की डबे हलवती. मला माजं मीठ अंधारात घावतंय."

त्या सांजेला मी तोडून बोललो. बायांचे कागद गेले तर तोंड कुठं दाखवशील? तिचं हसू गेलं. "बरं. उद्या नक्की."

पहाटे ती उठलीच न्हाई. तो उद्या तिला जाळण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंप्युटर लावला. पाटी आली. आमची चूल बंद, म्हणून दगडू पिठलं-भाकरी घेऊन आलता. मला अक्षर दिसंना. विचारलं, "यातलं 'आत्ता' कुठलं हाय बे?" त्यानं बोट ठेवलं, मी दाबलं. नवा आला आणि सगळी बटणं जागची हलली.

पिठलं अळणी होतं. मी आतल्या खोलीत गेलो आणि दिवा न लावता फळीवर हात घातला. मीठ जागेवर होतं.