पाठीमागचं पाणी

"भोंगा दिल्याबिगर पाणी येत नसतं, विमावाले," असं म्हणून साहेब उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि समोरच्यानं मान डोलावेपर्यंत ते खाली घ्यायचे नाहीत.

विमावाले म्हणजे मी. विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसतो. साहेब आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. उभी नोकरी पैठणच्या धरणावर काढली आणि रिटायर होऊन जवळच्याच शहरात, सिडकोत आले. आल्या आल्या अख्खी बिल्डिंग त्यांना साहेब म्हणायला लागली, कारण माणूस चालायचाच तसा.

धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा देतात, नदीकाठच्या लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. एवढी साधी गोष्ट. पण साहेबांनी ती सगळ्या जगाला लावून टाकली होती. शुगर तपासून घ्या म्हटलं की, "भोंगा झाला का? नाय ना? मग कशाला?" गाडीच्या ब्रेकचा आवाज येतोय म्हटलं तरी तेच. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असा एखादा बिनघोर माणूस. त्याच्याजवळ बसलं की जरा बरं वाटतं आणि जरा संतापही येतो.

मी त्यांच्या अगदी उलटा. भित्रा आहे, कबूल करायला कसली लाज? दिवसभर मेलेल्या माणसांचे कागद वाचतो. माणूस गिझरनं मरतो, मांज्यानं मरतो, वरातीत नाचता नाचता मरतो. घरी आलो की बायको म्हणते, तोंड धुवा आणि आता पाच मिनिटं तरी कुणाला मारू नका.

रिटायर झाल्यावर साहेबांनी कॅमेरा घेतला. सुरुवातीला नाथसागरावर जायचे, पक्षी आणि मावळता सूर्य टिपायचे. थोड्याच महिन्यांत कंटाळले. "ते पाणी मला ओळखतं हो. मजा नाय." त्यांना समुद्र हवा होता. साठी उलटली तरी माणसानं समुद्र पाहिलेला नव्हता.

"चलता का, विमावाले? शनिवार-रविवार. सूर्य धरून आणू."

मी नाहीच म्हणणार होतो. पण काकू, म्हणजे साहेबांच्या मिसेस, खाली आल्या, हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी. म्हणाल्या, "त्यांना पोहता येत नाही. जन्म पाण्यावर गेला, पण पाण्यात कधी उतरले नाहीत. तुम्ही सोबत जा. तुम्ही घाबरट आहात, म्हणून तुम्हालाच सांगते. जसा देते तसा माणूस परत आणून द्या." वाटी घेतली आणि हो म्हणालो.

मग ते सुरूच झालं. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, रात्री पुण्यात माझ्या मेव्हण्याकडं मुक्काम, शनिवारी ताम्हिणी घाट उतरून कोकण. पहिल्या खेपेला तर आम्ही कमालच केली. पहाटे अंधारात वाळूवर जाऊन बसलो, ट्रायपॉड समुद्राकडं रोखून, सूर्य पाण्यातून वर येणार म्हणून. आकाश उजळलं, पाणी उजळलं, सूर्याचा पत्ता नाही. शेवटी आम्ही उतरलो होतो त्या घरगुती खानावळीच्या मालकीणबाई पाणी भरायला निघाल्या होत्या, त्या हसत म्हणाल्या, "अहो, तो तुमच्या पाठीमागनं येतो हो, माडांतून!" साहेबांनी वळून पाहिलं, तर सूर्य हातभर वर आला होता. "फसवलं की लेकाच्यानं," म्हणाले आणि पोट धरून हसले. मीही हसलो. पण मला तेव्हाच वाटलं, की इथं आपल्याला काहीच कळत नाही आणि ते आपल्याला कळतही नाही.

फोटो मात्र झकास काढायचे. भिंगापुढं काळी काच लावून कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवायचा, की लाटा विरून पाण्याचं नुसतं धुकं होतं. अशा फोटोला ट्रायपॉड हलून चालत नाही, म्हणून खडक लागतो. आणि सूर्य बुडाल्यावर लोक उठून भेळ खायला गेले तरी साहेब तिथंच. "आता रंग येतो, विमावाले. हे भेळवाले गाढव आहेत." मी मागं उभा राहून पाणी किती चढलं ते बघत असायचो. काकूंचं तोंड डोळ्यांपुढं असायचं.

ती जानेवारीतली संध्याकाळ. ओहोटीनं काळ्या खडकांचं एक पठार उघडं पडलं होतं, पार आत गेलेलं. किनारा आणि पठार यांच्यामध्ये वाळूचा एक खोलगट पट्टा होता. तो ओलांडताना पायाला जेमतेम ओल लागली. निघताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आज पौर्णिमा आहे, पाणी फार चढतं. काळोखाच्या आत मागं फिरा." साहेबांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

पठाराच्या टोकाला जाऊन त्यांनी ट्रायपॉड रोवला. मी म्हणालो, "साहेब, पाणी वाढतंय."

"वाढू द्या. समोर आहे ना? दिसतंय ना? समोरचं पाणी बघायचं. पाठीमागं कोरडं असतं."

धरणाच्या भिंतीवर असंच असतं हो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कोरडं. माणसानं सगळी उमर तिथं उभं राहून काढली, त्याला दुसरं काही सुचणार कसं? आणि मलाही ते पटलं, हे त्याहून वाईट. मीही समोरच बघत राहिलो.

सूर्य बुडाला. आकाश तांबडं, मग जांभळं झालं. किनाऱ्यावर मालकीणबाईंचे यजमान दिसले, दोन्ही हात हलवत. "बघा, लोक किती चांगले असतात," म्हणून साहेबांनीही हात हलवला. यजमान आणखी जोरात हात करायला लागले. साहेबांनीही केला. मग वारा जरा पडला आणि मला शब्द ऐकू आले. मागं बघा.

मागं वाळू नव्हती. पाणी दोन्ही बाजूंनी गुपचूप वळून आलं होतं आणि तो खोलगट पट्टा काळा, भरलेला, हलत होता. सगळी फाइल डोळ्यांपुढं आली. मृताचं नाव, वय, कारण, बुडून. आणि खाली वारस म्हणून काकूंची सही.

"साहेब, चला! राहू द्या तो कॅमेरा!"

मी त्यांचा दंड धरून ओढला आणि आम्ही पाण्यात उतरलो. गुडघे, मांड्या, कंबर. पाणी खालून पाय ओढत होतं. समोरून यजमान लांब बांबू पुढं करून आत येत होते. आणि मधोमध साहेब थांबले. साफ थांबले. माझा शर्ट मुठीत धरला, माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "भोंगा कुठं झाला?"

तो आवाज त्यांचा नव्हता. घरचे शाळेतून न्यायला विसरलेल्या पहिलीतल्या पोराचा असावा, तसा आवाज.

"चला हो! आईशपथ, चला!" मी त्यांच्यावर ओरडलो. जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो तसा. एक लाट छातीवर आली, तोंडात खारं पाणी गेलं, बांबू हाताला लागला. पुढचं मला नीट आठवत नाही. वाळूवर दोघं पडलो होतो आणि माझा शर्ट त्यांच्या मुठीतून सुटत नव्हता. यजमानांनी एकेक बोट उचलून सोडवला.

म्हणजे माणूस परत आणला. रविवारी संध्याकाळी काकूंच्या दारात उभा केला. काय झालं ते साहेबांनी सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. कॅमेरा पडला म्हणाले.

त्यानंतर साहेबांचं ते बोट कधी वर झालं नाही. आमच्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. बायका हाकाटी करतात, मोटारी सुरू होतात, जिन्यात बादल्यांची रांग लागते. त्याच दिवशी साहेब दार लावून बसायला लागले. एकदा गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि पाणी जिन्यावरून खाली आलं, तर हा माणूस अनवाणी बाहेर आला, भिंतीला पाठ लावून ओरडत, "बंद करा! अरे, मागून येतंय, बंद करा!" पोरं हसली. मी त्यांना हाकललं. साहेबांचा हात धरला, तर तो गार पडला होता. मग त्यांना मोबाइलवर त्या गावची भरतीची वेळ बघायची सवय लागली. शेकडो किलोमीटरवरचा समुद्र, पण मला ऑफिसात फोन. "विमावाले, आता चढायला लागलं असंल." मी म्हणायचो, आपण इथं आहोत साहेब, कोरड्यात. ते म्हणायचे, व्हय. आणि फोन तसाच धरून ठेवायचे.

काकू एकदा जिन्यात भेटल्या. "जसा दिला तसा नाही आणला तुम्ही," म्हणाल्या. रागानं नाही. सांगून टाकावं असं फार वाटलं, पण साहेबांना शब्द दिला होता.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब गेले. झोपेतच. तेराव्याला मला राहवलं नाही आणि मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पंगतीला वाढायला उठून गेल्या.

गेल्या डिसेंबरात त्या खाली आल्या. "मला तो समुद्र दाखवा," म्हणाल्या.

बायकोलाही बरोबर घेतलं. संध्याकाळी किनाऱ्यावर पोचलो, तेव्हा भरती लागलेली. काकूंनी विचारलं, "कुठं उभे होते?" मी बोट दाखवलं. तिथं खडक दिसत नव्हता, नुसतं पाणी फुटत होतं. काकूंनी चपला काढून माझ्या बायकोजवळ दिल्या आणि चालू लागल्या. घोटे बुडाले. मी धावत जाऊन त्यांचं कोपर धरलं.

"काकू, मागं चला. पाणी चढतंय."

"चढू द्या. शेजारी झोपलेले असायचे आणि घाबरून उठायचे. काय झालं विचारलं, की म्हणायचे, काही नाही, तू झोप. वर्षभर तेच. मला बघू द्या काय होतं ते."

लाट आली, लुगड्याचा घोळ पाण्यावर तरंगला, पायाखालची वाळू सरकली. काकूंनी माझा हात घट्ट धरला. मागं मात्र हटल्या नाहीत. अंधारत आलेल्या त्या सगळ्या पाण्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढं मोठं होतं व्हय," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही. "अहो, मग मला सांगायचं नाय का?"