हाताने फिरवायचा डाउनरिगर

मागच्या रविवारी जळकोटजवळच्या तलावावर मी आणि माझे मिस्टर बोटीत होतो... आणि बोट अचानक एका बाजूला कलायला लागली. आज कुठे जीव थाऱ्यावर आलाय, म्हणून लिहायला बसले.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही नांदेडला राहतो. ह्यांना गळ टाकून मासे धरायचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं. मध्यंतरी एक छोटी फायबरची बोट घेतली, मच्छीमार सोसायटीची परवानगी काढली. जळकोट माझं माहेर, त्यामुळे बोट तिथेच भावाच्या शेतावर असते.

उन्हाळ्यात मोठे मासे गार पाण्यासाठी खोल जातात. वरवर सोडलेला गळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यासाठी डाउनरिगर नावाचं यंत्र मिळतं... ते बोटीच्या काठावर बसवायचं. त्याच्या चाकावर पोलादी तार, तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा. गळाची दोरी त्या तारेवरच्या चिमट्यात अडकवून हवी तेवढी खाली सोडायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

ह्यांनी व्हिडिओ बघून बघून इलेक्ट्रिकवाला पसंत केला होता. बटण दाबलं की गोळा वर. त्यात ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जोर लावायला साफ मनाई केली. मग तर इलेक्ट्रिकच पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं.

मला मात्र हाताने फिरवायचा पटत होता. आमच्या बोटीची मोटर एका बॅटरीवर चालते, तिच्यावर आणखी भार कशाला? शिवाय गोळा खाली कुठे अडकलाच, तर हाताने फिरवायच्या यंत्राचं हँडल जरा उलटं फिरवलं की ब्रेक सैल होतो आणि तार सुटते. इलेक्ट्रिकमध्येही तशी सोय असते म्हणे... पण घाबरल्यावर माझा हात नेमका कुठे जाईल, हे मला आधीच माहीत असावं, असं वाटत होतं.

पण फिरवणार कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. झालं... त्यानंतर काही दिवस घरात जेवायला या आणि दार लावून घे, एवढंच बोलणं.

मग एका संध्याकाळी ते मनातलं बोलले. "शिलेंडर तू उचलायलीस, गाडी तू काढायलीस. आता मासे बी तूच धर."

मला ते लागलं. पण आपल्याच घरात बसून दुसऱ्याला सगळं करताना बघणं किती जड जात असेल, हेही कळलं. शेवटी असं ठरलं की बोट कुठे न्यायची, गोळा किती खोल सोडायचा, हे सगळं ते ठरवणार. हँडल तेवढं माझं. यंत्र आल्यावर त्यांनी ते गच्चीच्या कठड्याला बांधलं आणि माझ्याकडून ब्रेकची आवळ-सोड, आवळ-सोड अशी तालीम करून घेतली. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुललेला दिसला.

रविवारी सकाळी पाणी शांत होतं. लाइफ जॅकेट घालून आम्ही निघालो, गोळा सोडला, मजेत चाललो होतो. तलावात बुडालेल्या शेतांमधल्या बाभळी अजून पाण्याखाली उभ्या आहेत. आपण त्यांच्यापासून लांब आहोत असं आम्हाला वाटत होतं... तसं नव्हतं.

गोळा कशात तरी अडकला. मोटर चालूच, त्यात मागून वारा. तार ताणली गेली आणि माझ्या बाजूचा काठ खाली दबला. पाणी आत आलं. गळांचा डबा घसरत माझ्या पायाशी.

आणि हे उठले, तार हाताने ओढायला! बोट कलण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली... ऑपरेशनच्या कच्च्या टाक्यांवर जोर, आणि दोघांचंही वजन एकाच बाजूला.

"बसा खाली. मोटर बंद करा," मी म्हटलं. त्या आवाजात मी त्यांच्याशी आधी कधीच बोलले नव्हते. ते बसले. मोटर बंद झाली. मी हँडल उलटं फिरवलं, ते जागचं हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला... आणि कर्रकन आवाज होऊन तार सुटायला लागली. काठ हळूहळू वर आला.

त्यापुढचं सगळं ह्यांनी सांभाळलं. बोट वळवून, मला तार गुंडाळायला लावत, बरोबर अडकलेल्या जागेवर परत आणली. तार सरळ खाली उभी झाल्यावर म्हणाले, "आता फिरव. हळूच." एकदा काही झालं नाही, दुसऱ्यांदा गोळा सुटला. सोबत बाभळीची कुजलेली फांदी घेऊन वर आला.

त्यांचा हात पोटावर होता. दुखतंय का, विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तू बोललीस म्हणून बसलो. न्हाईतर म्या वढलीच असती."

मग दोघंही हसलो, आणि मग मला रडू आलं. मग्याने पाणी उपसत काठाला लागलो. मासा एकही नाही.

सोमवारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले. बाहेर पायरीवर मी नुसती बसून राहिले... हेही शेजारी बसले.

आत्ता हे लिहितेय, तेव्हा ते आतून दुसऱ्यांदा चहा मागतायत. एरवी मी वैतागले असते. आज उठून करतेय.