तटबंदीच्या आतली खोली

विभाताई खानवलकरांनी जयपुरात सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवलं, आणि तेवढ्या वर्षांत फ्रेंच बोलणाऱ्या एकाही गावात त्यांचं पाऊल पडलं नाही. ही गोष्ट त्या आपणहून कुणाला सांगत नसत. कुणी विचारलंच तर "योग आला नाही" म्हणून विषय बदलत.

योग एकदा आला होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी फ्रान्समधल्या एका उन्हाळी वर्गासाठी त्यांची निवड झाली होती. पण त्याच सुमाराला प्रल्हादरावांची बँकेतली बदली सांगलीहून जयपूरला झाली आणि सलोनीची चाहूल लागली. मग ते राहिलं ते राहिलंच. तीन वर्षांसाठी म्हणून आलेलं कुटुंब जयपूरचंच झालं. दुर्गापुऱ्यात घर बांधलं, विभाताईंना मुलींच्या कॉलेजात नोकरी लागली, संध्याकाळी टुरिस्ट गाइडांचे वर्ग सुरू झाले. परकोट्यात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, फ्रेंच पाहुण्यांना हवामहाल दाखवत हिंडणारे निम्मे गाइड त्यांच्या हाताखालून गेलेले.

आता सलोनी नवऱ्याबरोबर, निनादबरोबर, टोरांटोला होती. मे महिन्यात आईबाबांनी सहा आठवडे यायचं ठरलं, व्हिसा आला, आणि "आई, तुला काय काय बघायचंय?" असं तिनं विचारलं तेव्हा विभाताईंनी एकच गोष्ट मागितली. केबेक शहरात तीन दिवस.

"क्वेबेक सिटी? हो, जाऊ की! व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकएंड आहे ना, तेव्हा."

"केबेक म्हणतात ते लोक," विभाताई म्हणाल्या.

"हां, तेच."

विभाताई कामाला लागल्या. वहीत त्यांनी तटबंदीचा नकाशा हातानं काढला. एक दिवस वरच्या गावात, एक दिवस खालच्या गावात, मधल्या लाकडी जिन्यांवरून चढउतार, आणि नदीपलीकडे नेणारी फेरीबोट. राहायचं तटाच्या आतच, एखाद्या लहानशा घरगुती पांथशाळेत, म्हणजे सकाळी खाली उतरलं की माणसं फ्रेंच बोलताना कानावर पडतील.

यानंतर दर रविवारी सकाळी सातला सलोनीचा फोन यायचा आणि दर फोनला बेत आटायचा. आधी तीन दिवसांचे दोन झाले, कारण निनादला सोमवारी रात्री परतायचं होतं. मग राहायचं ठिकाण तटाबाहेर गेलं, कारण आत गाडी लावायला जागा नाही. मग वाटेत ओटावा आलं, कारण बाबांना पार्लमेंट बघायचं होतं.

"अहो, तुम्ही कधी म्हणालात पार्लमेंट बघायचं?" विभाताईंनी विचारलं.

"तिनं विचारलं बघायचं का, मी म्हटलं बघू," प्रल्हादराव पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

चौथ्या रविवारी सलोनीनं जाहीर केलं, की एक बस टूर आहे, इंडियन जेवणासकट. मतलब आपल्याला कसली सोय बघायलाच नको. क्वेबेक सिटीत चार तास.

"चार तास?"

"आई, छोटंसं तर आहे ते. आणि भाषेचं टेन्शनच नको घेऊ, तिथे सगळ्यांना इंग्लिश येतं."

विभाताईंनी फोन प्रल्हादरावांच्या हातात दिला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आपल्या पोटच्या मुलीला आपण काय मागतोय हेच कळत नाही, याचा त्यांना संताप आला होता. पण तिला फ्रेंच शिकवलं नाही ते आपणच. घरी मराठी टिकवता टिकवता पुरेवाट झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन करायचं ठरवलं. तिथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले. तटाच्या आतल्या एका पांथशाळेचा नंबर त्यांनी काढून ठेवला होता. काय बोलायचं ते दोनदा मनात घोळवलं. पलीकडून एका बाईचा आवाज आला आणि विभाताई शुद्ध, नेटक्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, की मे महिन्यातल्या अमुक वीकएंडला दोघांसाठी खोली हवी आहे.

बाई भराभर काहीतरी म्हणाल्या. त्यातलं 'फँ द स्मेन' एवढं कळलं. आठवड्याचा शेवट. म्हणजे शुक्रवार म्हणतेय का ही? विभाताईंनी खुलासा विचारला. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, आणखी भरभर. मग देजनेचं काहीतरी आलं. देजने म्हणजे दुपारचं जेवण, असं विभाताई सव्वीस वर्षं फळ्यावर लिहीत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, दुपारचं जेवण नको, फक्त सकाळची न्याहारी मिळेल का?  मग बाई अगदी प्रेमानं, समजुतीनं, इंग्रजीत म्हणाल्या, "मादाम, काही हरकत नाही, आपण इंग्रजीत बोलू."

विभाताईंनी आभार मानून फोन ठेवला. खोली मिळणार का, ते विचारायचंच राहिलं.

"मिळाली का?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"नाही."

"बस टूरच बरी मग. माझ्या गुडघ्यालाही—"

"तुमचा गुडघा राहू द्या हो जरा बाजूला!" विभाताई कडाडल्या. इतक्या जोरात त्या नवऱ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. प्रल्हादरावांनी पेपरची घडी घातली आणि ते गच्चीवर गेले.

दोन दिवस विभाताई धुमसत होत्या. सलोनीवर आणि नवऱ्यावर राग होताच, पण खरा राग स्वतःवर होता. आपण शिकवलं ते काय होतं? तिसऱ्या दिवशी त्यांनी भवानीसिंहला फोन केला. तो त्यांच्या पहिल्या तुकडीतला. व्याकरणात कायम कच्चा, परीक्षेला दोनदा बसलेला, आणि आता फ्रेंच पाहुण्यांत सगळ्यात जास्त मागणी असलेला गाइड.

सगळं ऐकून तो आधी हसला, मग मॅडम हसत नाहीत हे जाणवून थांबला.

"मॅडमजी, उनका देजने सुबह का नाश्ता होता है," तो म्हणाला. "और दोपहर का खाना, वो दीने. मेरे साथ भी हुआ था. ग्रुपला देजने साडेबाराला सांगितलं, आणि सकाळी सातला सोळा माणसं हॉटेलात उपाशी उभी!"

"आणि फँ द स्मेन?"

"वीकएंड. इंग्रजी शब्द वापरायचा नाही म्हणून."

"आम्ही तर वीकएंडच शिकवला तुम्हाला."

"पुस्तकात तोच होता ना, मॅडमजी."

त्यानंच सुचवलं, की येत्या रविवारी केबेकचाच एक ग्रुप आहे, अजमेरी गेटपासून हवामहालापर्यंत पायी फिरणार, तुम्ही या. विभाताई नको नको म्हणत गेल्या. पहिला अर्धा तास त्यांना जवळजवळ काही कळलं नाही. दहा-बारा वयस्क बाया, त्यांचे स्वर रुंद, शब्दांची टोकं गिळलेली. आणि भवानीसिंह मात्र चुकीची क्रियापदं फेकत त्यांच्याशी खुशाल हसतखिदळत होता. लाखेच्या बांगड्यांच्या दुकानापाशी लिझेत नावाच्या एका बाईनं विभाताईंना म्हटलं, "तुम्ही याच्या शिक्षिका? किती सुंदर बोलता. जुन्या रेडिओवरच्या बातम्यांसारखं."

बाईंनी कौतुकानंच म्हटलं होतं, पण विभाताईंना ते झोंबलं. तरी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि आजवर विद्यार्थ्यांनी त्यांना म्हटलेलं वाक्य स्वतः म्हटलं, "पुन्हा सांगाल का? जरा हळू." लिझेतनं सांगितलं. विभाताईंनी पुन्हा विचारलं. हवामहाल येईपर्यंत निम्मं कळू लागलं होतं. निम्मंच. घरी येताना रिक्षात त्यांचं डोकं ठणकत होतं.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा त्याच पांथशाळेला फोन लावला. त्याच बाई.

"मादाम, मी भारतातून बोलतेय. मी फ्रेंचची शिक्षिका आहे. तुमचं बोलणं मला नीट समजत नाही, पण मला इंग्रजीत बोलायचं नाही. तुम्ही हळू बोला."

बाई हसल्या आणि खरोखरच हळू बोलल्या. त्या फँ द स्मेनला एकही खोली रिकामी नव्हती. तेव्हाच नाही, मेमधल्या कुठल्याच शनिवार-रविवारी नाही. त्या सुट्टीनंतरच्या मंगळवार-बुधवारी मात्र एक होती, तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही, एकाच माणसापुरती. देजने धरून.

इतक्या खटाटोपानंतर हे. विभाताईंना फोन आपटावासा वाटला. सलोनीला मंगळवारी सुट्टी नाही, निनादला तर मुळीच नाही, आणि प्रल्हादरावांना तीन मजले चढवत नाहीत. 

"द्या ती," त्या म्हणाल्या आणि नावाचं एकेक अक्षर सांगितलं.

रविवारी सलोनी भडकली. "एकटी? आई, तू आजवर दिल्लीलासुद्धा एकटी गेली नाहीस! आणि आम्ही तो वीकएंड मोकळा ठेवला, त्याचं काय?"

"तुम्ही बाबांना पार्लमेंट दाखवा. मी तुमच्याबरोबर ओटावाला येईन, पण बसमधून चार तास केबेक बघणार नाही."

"म्हणजे आम्ही केलं ते सगळं फुकट?"

"मी केबेक मागितलं होतं, सलोनी. तू मला दरवेळी दुसरंच काहीतरी देत गेलीस."

 प्रल्हादरावांनी हात पुढे करून फोन घेतला. "जाऊ दे तिला," ते मुलीला म्हणाले. "तिचं एक जाणं माझ्या बदलीपायी राहिलंय." हे त्यांच्या लक्षात होतं, हे विभाताईंना त्या दिवशी कळलं. बरं वाटण्याऐवजी त्यांना अधिकच राग आला, की मग इतकी वर्षं कधी बोलले का नाहीत.

सलोनी दोन दिवस अबोला धरून होती. बुधवारी तिनं आगगाडीचं तिकीट पाठवलं. खाली रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं, की गाडी माँट्रियलला बदलायची आहे, तिथे कुणाला तरी विचार, आणि पोचल्या पोचल्या फोन कर. निनाद स्टेशनवर सोडायला येईल. मी नाही येणार, मला ऑफिस आहे.

विभाताईंनी ते दोनदा वाचलं. 'बरं' एवढंच उत्तर लिहिलं आणि पाठवलं. मग गच्चीवर जाऊन प्रल्हादरावांना तिकीट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून गाडीच्या वेळा नीट पाहिल्या आणि माँट्रियलला मधे किती मिनिटं मिळतात ते मोजून सांगितलं. चाळीस.

"पुरतील," विभाताई म्हणाल्या.