नझीर मुकादमांची तिसरी काठी

नझीर मुकादमांच्या पणजोबांचं गलबत मस्कतपर्यंत जायचं, हे ठाऊक नसलेला माणूस बेलापूरच्या त्यांच्या सोसायटीत एकतर कालच राहायला आलेला असे, नाहीतर ठार बहिरा. खुद्द नझीरभाई मात्र तळोज्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. पाण्याशी त्यांचा संबंध सकाळी नळाला येणाऱ्या पाण्यापुरता.

पन्नाशी उलटली आणि १९९६ च्या थंडीत रक्ताने उसळी खाल्ली. खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या किसन कोळ्याकडून त्यांनी जुनी, सपाट बुडाची एक लहानशी होडी विकत घेतली. दोन माणसं आणि एक टोपली, बस्स. खाडीच्या उथळ पाण्यात असल्या होडीला वल्ह्याचा उपयोग नसतो. लांब काठी तळाला टेकवायची आणि रेटायची, की ती पुढं सरकते. किसनने होडी दिली, पण काठी दिली नाही.

“घरातली मच्छी मागा, जालं मागा,” किसन म्हणाला. “काठी नाय मिलनार. ती माज्या हाताला बसलीय.”

“राहू दे. आमच्या खानदानाने गलबतं बांधली, मला एक काठी जमणार नाय?”

किसनने एकदा ओहोटीच्या चिखलाकडे पाहिलं, एकदा नझीरभाईंच्या इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं आणि बिडी पेटवली.

घरी येऊन नझीरभाईंनी ग्राफपेपरवर ड्रॉइंग काढलं. वर लिहिलं, ‘मॉडेल नंबर एक’. त्यांची बायको मेहरुन्निसा बोंबील साफ करत होती. तिनं मान वाकडी करून कागद पाहिला.

“खालच्या टोकाला काय लावणार?”

“काय लावणार म्हणजे? टोक आहे ना!”

“हं,” ती म्हणाली आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नझीरभाईंना त्या ‘हं’ची धास्ती वाटायला हवी होती. पण ते स्केलपट्टी शोधत होते.

मंडपवाल्याकडचा एक चौदा फुटी बांबू स्वस्तात मिळाला. तो खांद्यावर टाकून ते पायी निघाले. सरळ रस्त्यावर काही अडचण आली नाही. चौकात एका ओळखीच्याने हाक मारली, नझीरभाई वळले, आणि मागे उभ्या असलेल्या दोघा रिक्षावाल्यांनी व एका शहाळेवाल्याने एकाच वेळी खाली बैठक मारली. जिन्यातून तो बांबू वळेना, म्हणून दोरी बांधून बाल्कनीतून वर ओढला. चार फूट बाहेरच राहिला. दुपारपर्यंत शेजारच्या वैजयंतीबाईंनी त्यावर दोन टॉवेल वाळत घातले, आणि संध्याकाळी सेक्रेटरी नंदकुमार वर आले.

“मुकादमसाहेब, बाल्कनीतून बांबू बाहेर काढणं सोसायटीच्या नियमात बसत नाही.”

“नियमात बांबू लिहिलाय का?”

“पुढच्या मीटिंगला लिहू,” नंदकुमार गंभीरपणे म्हणाले.

रविवारी नझीरभाई दिवाळ्याला गेले. पाणी उतरत होतं. किनाऱ्यावर बायका सुकट पसरत होत्या, त्यात किसनची बायको सुचित्राही होती. पहिला रेटा छान बसला, दुसरा त्याहून छान. तिसऱ्या रेट्याला बांबू चिखलात हातभर घुसला आणि तिथेच राहिला, होडी मात्र ठरल्याप्रमाणे पुढे निघाली. आता एक तर होडी धरायची, नाहीतर बांबू. स्टोअरकीपर माणूस हातातला माल सोडत नाही. होडी पायाखालून निघून गेली, आणि नझीरभाई बांबूला मिठी मारून खाडीच्या मध्यावर पाणकावळ्यासारखे बसले. मग बांबू सावकाश, अगदी अदबीने वाकला आणि त्याने त्यांना कमरेपर्यंत चिखलात नेऊन ठेवलं.

“नझीरभाई!” सुचित्रा ओरडली. “होरी तिकरं गेली वो!”

मॉडेल नंबर दोनचा विचार शास्त्रीय होता. टोक बारीक म्हणून रुततं, तर टोक रुंद करा! रुंद, गोल आणि घरात फुकट मिळणारी एकच वस्तू होती. मेहरुन्निसा शेजारी गेलेली पाहून त्यांनी पोळपाट उचलला आणि बांबूच्या बुडाला स्क्रूने घट्ट बसवला.

काठी अजिबात रुतली नाही, हे खरंच. पण चिखलाने पोळपाट असा काही चोखून धरला, की तो वर येईना. नझीरभाईंनी दोन्ही पाय होडीच्या काठाला लावून, अल्लाचं नाव घेऊन जोराने ओढलं. बांबू आला, पोळपाट आला नाही. नझीरभाई बांबूसकट मागच्या बाजूने पाण्यात गेले.  यावेळी सुचित्रा खाली बसून हसत होती.

 मेहरुन्निसा आठवडाभर उलट्या थाळीवर चपात्या लाटत राहिली. थाळी ओट्यावर खडखड वाजायची. आठव्या दिवशी नझीरभाईंना तो आवाज सोसवेना.

“त्या दिवशी तू काय म्हणत होतीस?”

“मी कुठं काय म्हणाले?”

“तेच ग. जे म्हणाली नाहीस, ते आता म्हण.”

मेहरुन्निसाने गॅस बारीक केला. ती जासई गावची. बापाची खाजणात, खाडीलगतच्या खारवट जमिनीत शेती होती, लहानपण गुडघाभर चिखलात गेलेलं.

“बगळा बघितलाय कधी? त्याचा पाय काय पोळपाटासारखा असतो? बोटं फाकलेली असतात. वजन पसरतं, आणि पाय उचलला की चिखल बोटांतून निघून जातो. आमचे अब्बा काठीला खाली बेचकं बांधायचे. दोन फाट्यांचं, वीतभर रुंद.”

“मग पहिल्या दिवशीच सांगायचं!”

“तुमी विचारलंत कुठं? तुमी तर खानदानी.”

नझीरभाईंचा चेहरा पडला. ते बाल्कनीत जाऊन बांबूचं टोक चाचपून आले आणि म्हणाले, “बेचकं कुठल्या लाकडाचं?”

सोसायटीच्या आवारात पेरूचं एक झाड वाळलं होतं. नंदकुमारांनी स्वतः करवत आणून दिली, कारण बांबू एकदाचा बाल्कनीतून जाणार होता. मेहरुन्निसाने खाली उभं राहून नेमकी फांदी दाखवली. बांबूही तिनं अकरा फुटांवर कापायला लावला. “आधी तुमची उंची बघा,” एवढंच ती म्हणाली. बेचक्याचा दांडा बांबूच्या पोकळीत ठोकला, वरून नायलॉनची दोरी गच्च आवळली, आणि फटीत डांबर भरलं. हाताच्या जागा तिनं काचपेपरने घासून गुळगुळीत केल्या.

आता नझीरभाईंना प्रेक्षक नको होते. त्यांनी मंगळवारी रजा टाकली. काठी टेकली, रेटली, उचलली. बेचकं चिखलातून ‘पुच्’ करून सुटलं. पुन्हा टेकली, पुन्हा सुटली. ते बंदरापासून तिवरांच्या झाडीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आणि हे पाहायला किनाऱ्यावर एक कुत्रा होता, तोही झोपलेला.

पण फेब्रुवारीत एका ओहोटीला किसनची मोठी होडी धक्क्याच्या अलीकडेच गाळात बसली. टोपल्या भरलेल्या, ऊन चढत चाललेलं, आणि होडी हलवण्याच्या नादात हाताला बसलेली ती काठी मधोमध मोडली. सुचित्रा किनाऱ्यावरून नवऱ्याला नाही नाही ते बोलत होती. नझीरभाईंनी आपली होडी काढली. चार खेपांत त्यांनी टोपल्या आणल्या, पाचव्या खेपेला किसनला आणलं.  उतरल्यावर त्याने काठी उलटी करून बेचकं निरखलं, अंगठ्याने दोरी दाबून पाहिली.

“मना पन एक बनवून द्याल?”

“मी फक्त बांधतो,” नझीरभाई म्हणाले. “लाकूड आमच्या घरात पसंत करतात.”

मग मेहरुन्निसाला फांदी दाखवायला दिवाळ्याची माणसं सोसायटीत येऊ लागली. कुणी चिंचेची आणे, कुणी बाभळीची. ती एकेक फाटा पायाखाली दाबून बघायची, नापास करायची, आणि माणसं निमूट दुसरी फांदी आणायला जायची. पुढच्या पावसाळ्यापर्यंत खाडीत तशा सात काठ्या झाल्या. नझीरभाईंना वर्षभरात मासे म्हणाल तर दोन बोय मिळाले, आणि त्यातला एक किसनने गळाला लावून दिला असावा अशी सुचित्राची शंका होती.

मेहरुन्निसा रविवारी छत्री घेऊन होडीत पुढे बसायची. एकदा तिवरांच्या वळणावर नझीरभाईंना धाप लागली, तेव्हा तिनं पदर खोचला आणि काठी मागून घेतली. तीन रेट्यांत होडीने वळण पार केलं. काठी परत मिळेल म्हणून नझीरभाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग छत्री उघडली आणि तिच्या जागेवर जाऊन बसले.