प्रसादाची चौकशी

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या गणपतीत प्रसादाचं टेबल माझ्याकडे होतं. कोण काय आणणार, कोण वाढणार, सगळं मी आधीच लिहून ठेवलं होतं. ती मात्र माझ्या यादीत नव्हती. कोणाबरोबर तरी आलेली, लॉ स्कूलमध्ये अन्नाचे कायदे शिकणारी मुलगी. हातात येईल त्या डब्याचं लेबल उलटून वाचायची तिला सवय होती. "पाकिटावर सगळं लिहायला कायदा लावतो," ती मला म्हणाली, "प्रसादाला कोणी काही विचारतच नाही."

तेवढ्यात एक आई आपल्या छोटीला घेऊन आली. "काकू, यात दाणे नाहीत ना? हिला ॲलर्जी आहे. मागे एकदा श्वास कोंडला होता."

"अगं, खिरापत आहे ही. दाणे कुठले?" वाढणाऱ्या काकू हसल्या. छोटीने हात पुढे केला.

त्या लॉच्या मुलीने चटकन डब्यावर हात ठेवला. "काकू, खोबरं मिक्सरमधून काढलंत?"

"मग काय, पाट्यावर वाटू?"

"त्याआधी मिक्सरमध्ये काय फिरवलं होतं?"

रांग थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, "यार, प्रसादाची उलटतपासणी?" तिचे कान लाल झाले, पण हात तिने काढला नाही.

काकू आठवत राहिल्या. "उपवासाच्या खिचडीसाठी दाण्याचं कूट," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भांडं नुसतं पुसून घेतलं होतं."

आईने छोटीला मागे ओढलं. काकू आत गेल्या, साबणाने हात धुऊन आल्या. गणपतीपुढचं एक केळं त्यांनी उचललं आणि छोटीला देण्याआधी त्या लॉच्या मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली, तेव्हाच दिलं.