छत्रीच्या पेटीवरची मतं

आमच्या धुळ्यात त्या काळी माणूस मत देत नसे, गल्ली देत असे. निदान माझ्या थोरल्या काकांचा, ज्यांना सगळेच नाना म्हणत, तसा ठाम समज होता. नगरपालिकेची निवडणूक लागली की ते ओट्यावर बसून बोटांवर मोजत. हातमागवाले तिकडे, गुजराती दुकानदार अर्धे इकडे, मास्तर लोक कुठेच नाहीत, कारण ते विचार करतात. आपली गल्ली मात्र बठ्ठी, म्हणजे सगळीच्या सगळी, आपली. तिच्यात बायकाही आल्या. त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतं, फक्त शिकवायचं होतं.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती आणि मतपत्रिकेवर अजून शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. पडद्याआड जायचं आणि चिठ्ठी आपल्या पेटीत टाकायची. आमचे उमेदवार होते कापसाच्या जिनिंगवाले शेठ, चिन्ह छत्री. समोरच्याची सायकल.

शिकवण्याचं काम माझ्यावर आलं. पुण्याला मावशीकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले होते. भूगोल इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलीला चिठ्ठी टाकता येणारच, असा नानांचा हिशेब. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, ही गोष्ट त्या हिशेबात नव्हती. तरी मी हो म्हटलं. शेठ निवडून आले तर मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी देणार होते, आणि नोकरी लागली तर दोंडाईच्याचं स्थळ दोन वर्षं लांबवू, असं वडिलांनी कबूल केलं होतं. माझा राजकीय कल विचाराल तर एवढाच: दोंडाईच्याला न जाणं.

नानांनी काकूच्या स्वयंपाकघरातले डाळीचे दोन डबे आणवले. एकावर छत्रीचं चित्र, दुसऱ्यावर सायकलचं. झाकणाला चीर पाडायची होती. पण काकूने त्याला साफ नकार दिला. निवडणूक एका दिवसाची, डाळ वर्षाची. तेव्हा बिनचिरेच्याच डब्यांवर शिकवणी सुरू झाली. मी चिठ्ठीची घडी करून छत्रीच्या झाकणावर ठेवून दाखवायची. खऱ्या पेटीला चीर असते, चिठ्ठी तिच्यातून आत ढकलायची, हे पहिल्या दिवशी मी कसंबसं पुटपुटले. दुसऱ्या दिवशी वीस बायका डोळे लावून बसल्या आणि चिरेचं तेवढंही सांगणं मला जमेना. मी नुसतं ठेवून दाखवलं. काकूने आपल्याकडून नमस्काराची भर घातली.

मतदानाला आमची गल्ली नवी लुगडी नेसून गेली. दुसऱ्या दिवशी शेठ थोडक्या मतांनी पडले.

मग ओट्यावर चिकित्सा बसली. पहिल्या दिवशी मागवाल्यांनी दगा दिला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी. तिसऱ्या दिवशी, सगळं गाव फितूर करून झाल्यावर, नानांची नजर घरात वळली. बायका फुटल्या, ते म्हणाले, आणि जो भेटेल त्याला तेच सांगू लागले. काकूशी त्यांनी बोलणं टाकलं.

काकू मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "तू शिकाडं तसंच करं माय. चिठ्ठी पेटीवर ठेवी, हात जोडात नि निंघी वनू. बठ्ठ्यास्नी तसंच करं."

म्हणजे चिठ्ठी आत न ढकलता पेटीवर ठेवूनच सगळ्याजणी निघून आल्या होत्या. मी तशीच उठून ओट्यावर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बैठकीत बोलले. मतदान केंद्रावर बसलेल्या आमच्या माणसाने मान खाजवत सांगितलं, हो, छत्रीच्या पेटीवर चिठ्ठ्यांचा ढीग होता खरा. साहेबांनी तो रद्द केला. असल्या किरकोळ गोष्टी कुणाला सांगायच्या, म्हणून तो बोलला नव्हता.

नाना मग म्हणाले, "हे ओट्याखाली उतरता कामा नये. दगा झाला म्हटलं तर लोक हळहळतील. हे कळलं तर हसतील."

म्हणजे बायका फुटलेल्याच राहिल्या. आणि नोकरी हुकल्यामुळे वडिलांनी दोंडाईच्याला कार्ड टाकलं.

रविवारी मंडळी आली. मी पोह्यांच्या बशा ठेवून मान खाली घालून बसले. मुलाच्या वडिलांना स्वयंपाक, शिवण कशातच रस नव्हता; त्यांचं अर्धं आयुष्य सभांत गेलेलं. नानांची बातमी दोंडाईच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या बाया फुटल्या म्हणे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बोलू नकोस, असं ते पाहणं होतं.

"बायकांचा काही दोष नाही," मी म्हणाले. "त्यांना शिकवलं मीच."

मुलाचे वडील बशी अर्धी टाकून उठले. आठवड्याने नकार आला: मुलगी शिकलेली आहे, पण गल्ली फोडली तसं घर फोडील. नाना दोन दिवस अंगणात येरझारा घालत राहिले. खरं काय ते दोंडाईच्याला कळवायचं म्हटलं तर ते सगळ्या खानदेशाला कळवावं लागलं असतं.