पाटी शून्यावर आली नाही

"मामा, सेफ्टीची डिग्री घेतली तर स्कोप आहे का रे?" भाचीने विचारलं.

कोथरूडला बहिणीकडे रविवारचे पोहे चालले होते. मी सव्वीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. घरात त्याबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि मला ते सोयीचं होतं. बहीण म्हणाली, "त्याला काय विचारतेस? जगाला हेल्मेट घाला म्हणतो, आणि स्वतः स्कूटरवर टोपी घालून हिंडतो."

स्कोप आहे, मी म्हणालो. मोठ्या कारखान्यांना कायद्यानेच असा माणूस ठेवावा लागतो. बांधकामं आहेत, औषधांच्या कंपन्या आहेत, आखातात तर बोलावून नेतात. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींनाही आग लागू शकते. हे सगळं खरंच होतं. मग तिने प्रवेशासाठी लिहिलेला निबंध पुढे सरकवला. पहिल्याच परिच्छेदात मी होतो. 'ज्यांच्या कारखान्यात पाचशे दिवस एकही अपघात झाला नाही, असे माझे मामा.'

पोहे गार होत गेले.

आमच्या गेटजवळ हिरवी पाटी होती, 'अपघाताविना दिवस'. खाली पत्र्याचे आकडे खिळ्यांना अडकवलेले. रोज सकाळी मी ते स्वतः बदलायचो. धुक्यात पाटी दिसायची नाही, नुसता आकडा हवेत तरंगत असायचा. एका दुपारी पत्रा दाबायच्या प्रेसवर एका कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटं ठेचली. माझ्याच वयाचा माणूस, विश्रांतवाडीहून यायचा. नियम असा की जखमी माणसाचा कामाचा एक दिवस जरी बुडाला, तर पाटी शून्यावर आणायची. रोज वेळेवर हजेरी लागली, तर ते अपघातात न धरता नुसत्या प्रथमोपचारात जातं. पाचशेला थोडेच दिवस उरले होते. मी त्याच्यासाठी जीप पाठवली. वरून हुकूम होता असं मी बायकोला सांगितलं. नव्हता.

तो रोज आला. डाव्या हाताने मस्टरवर सही करायचा आणि माझ्या खोलीत खिडकीपाशी बसायचा. त्या दिवसांना माझ्या आठवणीत आवाजच नाही. प्रेस चालू असणारच. पण मला दिसतं ते एवढंच: बाहेर शिरीषाचं झाड, आणि त्याच्या पांढऱ्या बँडेजवरून सावकाश सरकत जाणारं ऊन.

हॉस्पिटलात बोटांचा व्यायाम सकाळीच घ्यायचे. त्याने एकदाच विचारलं, "साहेब, उद्या जरा उशिरानं आलो तर चालंल का?"

"पाचशे होऊ द्या, मग सावकाश जा," मी म्हणालो. तो बरं म्हणाला.

एका सकाळी मी फोनवर अडकलो होतो. खिडकीकडे बघत तो म्हणाला, "साहेब, आज आकडा बदलायचा राहिला."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. बसून बसून त्याचाही जीव त्या आकड्यात गुंतला होता. मी बाहेर जाऊन आकडा बदलला. वळून पाहिलं, तर खिडकीतून त्याने डावा अंगठा वर केला होता.

पाचशेव्या दिवशी पेढे वाटले. बहिणीच्या शोकेसमध्ये जो फोटो आहे तो तेव्हाचाच. त्यात तो माझ्या शेजारी उभा आहे, उजवा हात पाठीमागे धरून. ती बोटं पुन्हा कधी नीट वळली नाहीत. काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. मी अडवलं नाही.

हे सगळं मी त्या दोघींना सांगितलं. स्वयंपाकघरातला नळ बहिणीने कधी बंद केला ते कळलं नाही.

"आता कसा आहे त्यांचा हात?" भाचीने विचारलं.

"माहीत नाही."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि तू पुण्यातच होतास." हा प्रश्न नव्हता.

तिने पहिल्या परिच्छेदावर तिरकी रेघ मारली. खालचं तसंच ठेवलं. मी विचारलं, अर्ज करणार आहेस ना.

"करणार की. आधी विश्रांतवाडीला जाऊन येऊ."

मला घर माहीत नव्हतं. जीप चौकात थांबायची आणि तो तिथपर्यंत चालत यायचा, एवढंच ड्रायव्हरकडून ऐकलेलं.

"मग चौकात विचारू," ती म्हणाली, आणि तिच्या आईचं हेल्मेट माझ्या ताटलीशेजारी ठेवलं.